बेटम्याचा ताम्रपट आणि लाकडी गरुड

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा लागते. परमार राजा भोजाचा एक दानलेख या गावात सापडला. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला हा लेख विक्रम संवत १०७६चा, म्हणजे इसवी सन १०२० मधला. द. बा. डिस्कळकर यांनी तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या अठराव्या खंडात प्रसिद्ध केला. कोकण जिंकल्याच्या पर्वावर भोजाने एका ब्राह्मणाला गाव दान दिले, हा त्यातला मूळ मजकूर. आरंभी शिवाची स्तुती, शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला परंपरेने चालत आलेले शाप, परमारांचे चिन्ह असलेला गरुड आणि राजाची निशाणी, अशी त्याची रचना आहे. मराठी माणसाला त्यातले कोकण लगेच ओळखीचे वाटते. इतिहासकाराला मात्र तिथीचे मोल अधिक, कारण भोजाच्या कारकिर्दीतल्या घटना तिच्या आधारे क्रमाने लावता येतात.

याच भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरचा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. त्र्याऐंशी अध्यायांच्या या ग्रंथाची छापील आवृत्ती टी. गणपती शास्त्री यांनी संपादित केली आणि १९२४-२५ मध्ये ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत निघाली. नगररचना, राजवाडे, देवळे, मूर्ती आणि चित्रकला यांच्यामधोमध एकतिसावा अध्याय येतो, ‘यंत्रविधान’. आज विज्ञानकथेत जे शोभेल असे बरेच काही त्यात आहे. दारात उभा राहून आत शिरणाऱ्याला अडवणारा लाकडी द्वारपाल, नाचणाऱ्या आणि वाद्ये वाजवणाऱ्या बाहुल्या, पाणी पिणारा हत्ती, कारंज्यांचे घर. आणि हलक्या लाकडाचा एक मोठा पक्षी. त्याच्या पोटात पारा भरलेले भांडे, भांड्याखाली विस्तव, पाठीवर बसलेला माणूस. तापलेल्या पाऱ्याच्या शक्तीने आणि पंखांच्या फडफडीने हा पक्षी त्याला आकाशात घेऊन जातो, असे तिथे म्हटले आहे. चार भांडी असलेल्या एका जड विमानाचीही हकिगत आहे. यंत्रांची जोडणी सविस्तर का सांगितली नाही याचाही खुलासा ग्रंथकार करतो: ज्ञान नाही म्हणून नव्हे, गुप्तता राखायची म्हणून.

एकाच राजाच्या नावाशी जोडलेले हे दोन मजकूर एकाच पद्धतीने वाचता येत नाहीत. ताम्रपट ही सरकारी नोंद आहे. तिला तिथी आहे, हेतू आहे, आणि ती जिथे सापडली ती जागा माहीत आहे. ग्रंथ मात्र हस्तलिखितांच्या नकलांमधून आपल्यापर्यंत आला. त्यात राजाच्या सूत्रधारांचे प्रत्यक्ष ज्ञान आहे, आधीच्या ग्रंथांतून घेतलेले आहे, आणि ऐकीव गोष्टींतून आलेलेही आहे. कारंज्यांचे घर आणि कळसूत्री बाहुल्या त्या काळी होत्या याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. बगदादच्या बनू मुसा बंधूंनी नवव्या शतकातच अशा स्वयंचलित कारागिरीवर ग्रंथ लिहिला होता. पाऱ्याच्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. तो उडेल असे त्या वर्णनात काही नाही. तरीही तो तिथे आहे. तो आला कुठून, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न.

मद्रासचे संस्कृत पंडित व्ही. राघवन यांनी प्राचीन भारतातल्या यंत्रांवर लिहिताना हा अध्याय इतर संस्कृत वाङ्मयाशेजारी ठेवला, आणि वाट सापडते ती तिथूनच. भोजानंतर थोड्याच वर्षांनी काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात लाकडी माणसांनी गजबजलेले एक अख्खे नगर आहे आणि आकाशात जाणारे वाहनही आहे. पूर्णभद्र या जैन मुनीने ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या ‘पंचतंत्रा’तली कोष्ट्याची गोष्ट तर याहून पुढची आहे. एक कोष्टी राजकन्येवर भाळतो. त्याचा सुतार मित्र त्याला कळ फिरवली की उडणारा लाकडी गरुड करून देतो, सोबत विष्णूची आयुधेही. कोष्टी रात्री गच्चीवर उतरतो आणि राजकन्या त्याला साक्षात विष्णू समजते. प्रत्यक्ष देव जावई मिळाला म्हणून राजा शेजाऱ्यांशी युद्धे उकरून काढतो, आणि अखेर शत्रू राजधानीला वेढा घालतात. आता जावयाने रणात उतरायचे. मरण ठरलेलेच आहे हे ओळखून कोष्टी लाकडी गरुडावर बसतो. तेव्हा वर वैकुंठात विष्णूला पेच पडतो. हा मेला तर विष्णू मेला असे लोक म्हणतील आणि पूजा थांबेल. म्हणून विष्णू कोष्ट्याच्या देहात शिरतो, खरा गरुड लाकडी गरुडात शिरतो, आणि लढाई जिंकली जाते.

भारतीय वाङ्मयातल्या सर्वांत धीट गोष्टींपैकी ही एक म्हणावी लागेल. यंत्रात बसलेल्या माणसाला लोक देव समजतात, ही कल्पना विसाव्या शतकातल्या कितीतरी विज्ञानकथांचा पाया आहे. ‘पंचतंत्रा’ला ती आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होती आणि त्याने श्रद्धेचा अपमान केला नाही; उलट देवालाच भक्तांच्या विश्वासाची जबाबदारी घ्यायला लावली. भोजाचा पक्षी या कथांच्या कुळातला आहे. त्या काळच्या श्रोत्याला उडते लाकडी वाहन ओळखीचे होते, आणि राजाच्या दरबारी ज्ञानाची व्याप्ती सांगणाऱ्या ग्रंथात त्याला जागा मिळाली. अकराव्या शतकातला माणूस आकाशाबद्दल काय इच्छित होता ते या अध्यायातून कळते. ते कळणे कमी मोलाचे नाही.

प्राचीन मजकूर कोणी, कोणासाठी, कोणत्या घाटात लिहिला आणि त्याच काळातले इतर मजकूर काय म्हणतात, हे विचारण्याची शिस्त सर्वांत कसोशीने घडली ती बायबलच्या अभ्यासात. ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकातच सृष्टीच्या निर्मितीच्या दोन कथा आहेत. पहिलीत वनस्पती, मग प्राणी, आणि शेवटी स्त्रीपुरुष एकत्र निर्माण होतात. दुसरीत आधी पुरुष, मग झाडे आणि प्राणी, आणि अखेर स्त्री. दोन्हींत देवाची नावेही वेगळी आहेत. युलियस वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने १८७८ मध्ये अशा खुणांवरून बायबलची पहिली पाच पुस्तके वेगवेगळ्या काळातल्या चार धाग्यांतून विणली गेली असे मांडले. त्याच्या तपशिलांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण प्रश्न विचारण्याची रीत टिकली. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांनी या कामाला नवा आधार दिला. हिब्रू बायबलची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इसवी सन १००८ मध्ये कैरोत लिहिली गेली. बेटम्याचा ताम्रपट तिच्याहून अवघ्या बारा वर्षांनी लहान. कुमरानची यशयाची गुंडाळी त्या प्रतीहून हजारावर वर्षे जुनी निघाली. दोन्ही ताडून पाहिल्यावर मजकूर कुठे जपला गेला आणि कुठे बदलला हे डोळ्यांसमोर आले.

या शिस्तीची आणि लोकप्रिय कल्पनेची गाठ सर्वांत ठळकपणे पडते ती यहेज्केलच्या पुस्तकात. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने यरुशलेमच्या अनेक लोकांना कैद करून नेले. त्यांच्यातला याजक यहेज्केल याला ५९३ मध्ये खबार नदीकाठी दर्शन झाले. वादळी ढग आणि अग्नी. त्यात माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार मुखे असलेले चार पंखधारी जीव. प्रत्येकाजवळ चाकात चाक, धावांवर डोळेच डोळे. वर स्फटिकासारखे अंतराळ, आणि त्यावर सिंहासन. एरिक फॉन डेनिकेनने १९६८च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात याला परग्रहावरून आलेले यान ठरवले. नासातले अभियंते योसेफ ब्लुमरिश हे मत खोडायला बसले आणि स्वतःच पटून त्या यानाचा आराखडा काढून बसले. त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये जर्मनमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत निघाले. मराठीत हा विचार ‘देव? छे! परग्रहावरील माणसं!’ अशा नावाच्या बाळ भागवतांच्या पुस्तकातून घरोघरी पोचला. एका पिढीने ते अक्षरशः रात्र जागून वाचले.

बायबलच्या अभ्यासकांचे उत्तर यानाच्या आराखड्यात दोष काढण्याचे नाही. ते वाचकाला बाबेलमध्ये घेऊन जाते. खबार हा निप्पुरजवळचा कालवा, त्याचे नाव मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर आढळते. तिथल्या राजवाड्यांच्या दारांवर माणसाचे तोंड, बैलाचे किंवा सिंहाचे धड आणि गरुडाचे पंख असलेल्या राक्षसी आकृत्या पहारा देत. तिथे देवाची मूर्ती मिरवणुकीत वाहनावरून निघे. बंदिवासातल्या यहुद्यांचा प्रश्न जिवाचा होता: आपला देव यरुशलेमच्या मंदिरात आहे, मग या परक्या देशात आपल्याला कोणी आहे का? यहेज्केलचे दर्शन त्याला उत्तर देते. या देवाच्या सिंहासनाला चाके आहेत. ते चारही दिशांना जाऊ शकते, आणि ज्या प्राण्यांना बाबेल पूजते ते इथे त्या सिंहासनाचे वाहक आहेत. दहाव्या अध्यायात यहेज्केल स्वतःच त्या जीवांना करूब म्हणून ओळखतो, आणि देवाचे तेज मंदिर सोडून बाहेर पडताना पाहतो. घर गमावलेल्या माणसांनी आपला देव सोबत आणला, हा या दर्शनाचा गाभा. तिथे अंतराळयान ठेवले की चाके उरतात आणि माणसे नाहीशी होतात. त्या वाचनाचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

हाच प्रकार भारतात ‘वैमानिक शास्त्रा’ने घडवला. भरद्वाज ऋषींच्या नावावर सांगितला जाणारा हा संस्कृत ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सांगितला आणि तो लिहून घेण्यात आला. विमानांची चित्रे नंतर एका आरेखकाने काढली. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी त्याची तपासणी केली. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, यंत्राची आणि भाषेची. भाषा वैदिक नव्हे, अगदी अलीकडच्या संस्कृताची निघाली. वर्णन केलेल्या चार विमानांपैकी एकही उडण्याजोगे नाही असे गणिताने दिसले. हा ग्रंथ १९०० ते १९२२ या काळातला आहे, हा त्यांचा निष्कर्ष. संस्कृत ग्रंथाच्या बाबतीत वैमानिकी आणि भाषाशास्त्र असे हातात हात घालून चालल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठातल्या १०२व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये या ग्रंथाच्या आधारे प्राचीन विमानांवर व्याख्यान झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला, शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याच्या कथेवरचा. त्या उड्डाणाला समकालीन भक्कम पुरावा मिळालेला नाही. चित्रपटाने ती कथा म्हणून सांगावी, यात काहीच वावगे नाही. विज्ञानाच्या व्यासपीठाची मागणी वेगळी असते. भोजाच्या अस्सल ग्रंथावरही यामुळे अन्याय होतो, कारण दोन्ही एकाच पोतडीत टाकले जातात आणि अकराव्या शतकातल्या खऱ्या कारागिरीकडे कोणी वळून पाहत नाही.

माळव्यातल्या मराठी विद्वानांनी मात्र पुराणग्रंथ चिकित्सेने वाचण्याचे काम फार लवकर हाती घेतले होते. ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश राहिलेल्या चिंतामणराव वैद्यांनी महाभारताच्या वाढीचे थर दाखवले: आधी लहान ‘जय’, मग ‘भारत’, मग लाख श्लोकांचे ‘महाभारत’. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी रामायणाच्या भूगोलावर लिहिले. होळकर दरबारात मोठ्या अधिकारावर असलेले आणि १९२६च्या मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले किबे म्हणत की रावणाची लंका सिंहलद्वीपात नव्हती. ती मध्य भारतात, अमरकंटकच्या परिसरात शोधावी. आजच्या वाचकाला हे मत चमत्कारिक वाटेल, पण त्यांची रीत सरळ होती. वाल्मीकीच्या मजकुरातले डोंगर, नद्या आणि अंतरे मोजायची आणि नकाशावर ठेवायची. पुढे डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनीही लंका मध्य भारतातच शोधली. रामायणात येणारे सालवृक्ष दक्षिणेत आढळत नाहीत, हा त्यांच्या पुराव्यातला एक दुवा होता. या सांकळियांनी १९५२-५३ मध्ये नर्मदाकाठी महेश्वर आणि नावडातोली येथे उत्खनन केले. त्याच १९५२ साली कॅथलीन केन्यन यांनी यरीहो येथे खोदायला सुरुवात केली. यहोशवाच्या रणशिंगांनी पडलेल्या भिंती बायबलमध्ये प्रसिद्ध आहेत. केन्यन यांना दिसले की त्या कथेच्या काळात तिथे तटबंदीचे शहरच उभे नव्हते. पुस्तक खोटे ठरले असा याचा अर्थ त्यांनी लावला नाही. कथा कोणत्या काळात, कोणत्या गरजेतून आकाराला आली, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

महाभारतासाठी हे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केले. संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली, चिकित्सक आवृत्तीला १९१९ मध्ये हात घातला गेला, आणि १९६६ मध्ये ती पुरी झाली. देशभरातून १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. बर्लिनमध्ये शिकलेले विष्णू सीताराम सुखटणकर १९२५ पासून १९४३ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते, आणि या आवृत्तीची शिस्त त्यांनी बसवली. सगळ्या परंपरांत समान असलेला मजकूर वर, बाकीचे पाठभेद खाली आणि परिशिष्टात. या चाळणीतून गणपतीने व्यासांचा लेखक होण्याची गोष्ट परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि तो वस्त्रे पुरवतो, हा भागही मूळ संहितेत राहिला नाही. तिथे वस्त्रे प्रकट होतात, कृष्णाचे नाव येत नाही.

पण बी. आर. चोप्रांच्या १९८८ ते १९९० मधल्या दूरदर्शन मालिकेत नितीश भारद्वाजांचा कृष्ण द्रौपदीला वस्त्रे पुरवतो, आणि देशभर रविवार सकाळी लोक तेच पाहण्यासाठी थांबत. यात विरोध मानण्याचे कारण नाही. चिकित्सक आवृत्ती कथेचा जुना थर दाखवते, मालिका कथेचा जिवंत थर. राही मासूम रझांनी त्या मालिकेत ‘समय’ हा निवेदक आणला. काळच बोलतो आहे ही त्यांची कल्पना व्यासांत नाही, तरी व्यासांच्या जगात ती सहज मावते. परंपरा अशीच वाढत आली, भर घालत. अभ्यासकाने भर कुठली हे सांगावे, कलावंताने नवी घालावी.

लोकप्रिय माध्यम आणि धर्मग्रंथ यांची देवघेव मराठीत आणखी जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत. बायबलची कथा पुराणाच्या घाटात आल्याशिवाय इथल्या माणसाच्या कानात उतरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. तीनशे वर्षांनी प्रवाह उलटा वाहिला. १९१०च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्याकडे पाहता पाहता त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, ‘लंकादहन’ १९१७ मध्ये. हनुमानाचे आकाशातून उडणे आता कॅमेऱ्याच्या युक्तीने दिसू लागले, आणि प्रेक्षक चित्रपटगृहात हात जोडत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये, १९३६ साली, तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात. दामले आणि फत्तेलाल यांनी ते दृश्य ज्या भावाने घेतले आहे तो पाहता यंत्र आणि भक्ती यांचे एकमेकांशी काही वाकडे आहे असे वाटत नाही.

मराठी विज्ञानकथेने हाच वारसा घेतला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप; प्रत्यक्षात ते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर, टोपणनाव आद्याक्षरे उलटी करून घेतलेले. पुढे ‘यक्षांची देणगी’ आली, आणि १९८६ मध्ये ‘वामन परत न आला’ ही कादंबरी. जमिनीत खोलवर एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने ठेवलेली पेटी सापडते. तिच्यातल्या ज्ञानाच्या आधारे वामन नावाचा यंत्रमानव बनवला जातो. त्याची बुद्धी वाढत जाते, त्याला आपल्यासारखे आणखी यंत्रमानव हवे असतात, आणि ज्यांनी पेटी ठेवली त्यांचा अंत कशाने झाला हे हळूहळू उलगडते.

पुराणातला वामन तीन पावले जमीन मागतो, बळी हो म्हणतो, आणि तिन्ही लोक जातात. नारळीकरांनी त्या कथेतली धोक्याची घडण घेतली: लहान दिसणारे मागणे, उदार दाता, आणि परत न घेता येणारा शब्द. वामन अवतार म्हणजे प्राचीन यंत्रमानव होता, असे कादंबरी म्हणत नाही. तिची पेटी पूर्णपणे कल्पित आहे. डेनिकेन आणि नारळीकर यांच्यातला फरक इथे स्पष्ट दिसतो. एकाने पुराणाला दडवलेला तांत्रिक अहवाल मानले, दुसऱ्याने त्याला कथा मानले आणि म्हणून त्यातून नवी कथा काढता आली. ‘द सायंटिफिक एज’ या २००३च्या पुस्तकात नारळीकरांनी प्राचीन अस्त्रे म्हणजे अण्वस्त्रे होती अशा दाव्यांची तपासणी केली आहे. प्रगत तंत्रज्ञानाच्या आधी त्याच्या पायऱ्या असाव्या लागतात, आणि त्या पायऱ्यांच्या खुणा वाङ्मयात आणि मातीत दिसल्या पाहिजेत, ही त्यांची मागणी होती. विज्ञानकथा लिहिणारा माणूसच पुराव्याबाबत इतका कडक असावा हे आश्चर्याचे नाही. कल्पना कुठे संपते हे तिच्याशी रोज काम करणाऱ्याला नीट कळते. अमेरिकेत आयझॅक असिमोव्ह यांनीही विज्ञानकथांच्या जोडीने १९६८-६९ मध्ये बायबलवर दोन खंडांचा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, इतिहास आणि भूगोल समजावून देणारा. ‘कल्की २८९८ एडी’ या २०२४च्या तेलुगू चित्रपटात अश्वत्थामा दूरच्या भविष्यात वावरतो. महाभारताचा शापित चिरंजीव विज्ञानपटात किती सहज बसतो हे त्यात दिसले.

नारळीकरांनी एकदा आणखी एका वाटेने जुन्या ग्रंथांकडे पाहिले, आणि ती वाट पुन्हा भोजाच्या काळात जाते. ४ जुलै १०५४ रोजी चीनच्या ज्योतिष्यांनी वृषभ राशीत एक नवा तारा नोंदवला. तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे. तो ताऱ्याचा स्फोट होता. त्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून दिसतात. तेव्हा माळव्यात भोजाच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे चालू होती. ज्याच्या नावावर १०४२ सालापासून गणित मांडणारा ‘राजमृगांक’ हा ज्योतिषग्रंथ आहे, त्या राजाच्या राज्यात हा तारा कोणाला दिसला नसेल? जुलैत माळव्यावर पावसाळी ढग असतात हे खरे, पण दोन वर्षे नव्हे. १००६ मध्ये तर याहूनही तेजस्वी तारा एप्रिलच्या अखेरीस, पावसाच्या आधी, दक्षिण आकाशात दिसला होता.

या नोंदी भारतीय वाङ्मयात आहेत का, याचा शोध नारळीकर आणि संस्कृत पंडिता सरोजा भाटे यांनी मिळून घेतला. खगोलशास्त्रज्ञाला कोणती तिथी आणि आकाशाचा कोणता भाग पाहायचा हे ठाऊक, संस्कृत पंडितेला कोणत्या प्रकारच्या ग्रंथात काय असू शकते हे ठाऊक. त्यांचा लेख २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. निःसंदिग्ध अशी एकही नोंद मिळाली नव्हती, आणि त्यांनी तसेच लिहिले. एखाद्या श्लोकातल्या तेजस्वी ताऱ्यावर बोट ठेवून विजय जाहीर करणे अवघड नव्हते.

बायबलच्या अभ्यासात याला तंतोतंत जोड आहे, बेथलेहेमचा तारा. चारपैकी फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात तो येतो. केप्लरने सतराव्या शतकात इसवी सनपूर्व ७ मधल्या गुरू आणि शनी यांच्या युतीशी त्याचा संबंध जोडला, आणि तेव्हापासून धूमकेतू, स्फोट पावणारे तारे, युती असे अनेक उमेदवार पुढे आले. रेमंड ब्राऊन या कॅथलिक अभ्यासकाने १९७७च्या ग्रंथात वाचकाचे लक्ष आकाशाऐवजी मजकुराकडे वळवले: ‘गणना’ या पुस्तकात बलाम नावाचा परका द्रष्टा याकोबाच्या वंशातून उगवणाऱ्या ताऱ्याचे भाकीत करतो, आणि मत्तय आपल्या यहुदी वाचकांना त्याची आठवण करून देतो. आर्थर क्लार्क यांनी त्याच ताऱ्यावर १९५५ मध्ये ‘द स्टार’ ही कथा लिहिली. तिच्यातला येशूसंघीय खगोलशास्त्रज्ञ एका नष्ट झालेल्या संस्कृतीच्या अवशेषांपाशी पोचतो, तिच्या सूर्याचा स्फोट कधी झाला याचे गणित करतो, आणि त्या प्रकाशाने पृथ्वीवर कोणती रात्र उजळली हे त्याच्या लक्षात येते. क्लार्क यांनी ताऱ्याचा पुरावा दिला नाही. त्यांनी श्रद्धावान माणसाला एक प्रश्न दिला, त्या कथेला १९५६ मध्ये ह्युगो पुरस्कार मिळाला, आणि धर्मशास्त्राच्या वर्गांतही ती वाचली जाते.